रॉटिंगडीन: समुद्राकडे पाठ करून बसलेलं गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे की जूनमध्ये तुम्ही दोघं मुलीकडे ब्रायटनला येताय, सावरकरांना १९०९ साली समुद्राला उद्देशून ती कविता ज्या किनाऱ्यावर सुचली तो किनारा तर बघणारच आहात, पण त्याशिवाय इंग्लंडमधलं एखादं जुनं समुद्रकाठचं गाव पण बघायचंय, कुणीतरी रॉटिंगडीनचं नाव सांगितलंय, मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक-कवी किपलिंग तिथं राहायचा असंही ऐकलंय, तर या गावाचा इतिहास काय, गाव स्वभावानं कसंय आणि अर्धा दिवस घालवण्यासारखं आहे का.

आहे. आणि अर्धा नको, पूर्ण दिवस ठेवा. मी गेली सोळा वर्षं ब्रायटन आणि लुईसच्या आसपास लोकांना पायी फिरवून गावं दाखवायचं काम करतो, रॉटिंगडीनला किती वेळा गेलो असेन याचा आता हिशोब नाही, तरी अजून तिथं घेऊन जायला मला मनापासून आवडतं. पण आपले बरेच लोक तिथं जाऊन हिरमुसले होऊन परत येतात, आणि त्याचं कारण एकच, ते समुद्र बघायला जातात आणि गाव बघायचं राहून जातं.

समुद्रकाठचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी, मासळीचा वास, दारात वाळत घातलेली सुकट. यातलं इथं काहीच नाही. पूर्वी थोडीफार मासेमारी होती पण गावाचं पोट भरलं ते शेतीवर आणि मेंढरांवर. बसमधून उतरलात की समोर कोस्ट रोडचा ट्रॅफिक, एक पब, खाली गोट्यांचा किनारा, एवढंच दिसतं आणि माणूस म्हणतो, बस, एवढंच? मग फोटो काढून पुढच्या बसनं परत. अहो, गाव त्या जागेवर नाहीच. गाव हाय स्ट्रीटनं आत चालत गेल्यावर चारेकशे मीटरवर सुरू होतं, तळं, तळ्याभोवतीचा हिरवा तुकडा, चर्च आणि जुनी घरं, आणि तिथं उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. मुद्दाम आत वसवल्यासारखं आहे ते, आणि का ते कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी जमीन समजून घ्या. ब्रायटनच्या पूर्वेचा सगळा किनारा म्हणजे खडूचा कडा, खडू म्हणजे खरोखर शाळेतल्या खडूसारखा पांढरा दगड, आणि त्याच्या मागे साउथ डाउन्सच्या गवताळ टेकड्या. खडूत पाणी मुरतं, वर टिकत नाही, त्यामुळे या टेकड्यांमध्ये दऱ्या आहेत पण त्यात नद्या नाहीत, कोरड्या दऱ्या. अशा दरीला इथल्या जुन्या भाषेत डीन म्हणायचे. म्हणूनच रॉटिंगडीन, ओव्हिंगडीन, रोडीन, साल्टडीन अशी एका ओळीत नावं आहेत. रॉटिंगडीन म्हणजे रोटा नावाच्या कुण्या सॅक्सन माणसाच्या लोकांची दरी असा अर्थ लावतात, आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात म्हणजे विल्यम राजानं केलेल्या त्या मोठ्या जमीन-पाहणीत गावाची नोंद आहे. तर अशी दरी जिथं समुद्राला येऊन भिडते तिथं कड्यात एक खाच पडते. दोन्ही बाजूला सरळसोट भिंत आणि मधे उतरायला वाट. गावात तिला द गॅप म्हणतात. मैलोनमैल कड्यात समुद्रातून वर यायला अशा जागा मोजक्याच, आणि त्यातली एक या गावाच्या तोंडाशी. मी माझ्या लोकांना पहिल्यांदा तिथंच नेऊन उभं करतो आणि सांगतो, हे गाव समुद्रावर वसलेलं नाही, हे खिंडीवर वसलेलं आहे. इथं जे चांगलं-वाईट झालं ते सगळं याच वाटेनं वर आलं.

पहिलं वाईट आलं ते १३७७ मध्ये. इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध चालू होतं आणि फ्रेंचांनी या किनाऱ्यावर धाडी घालायला सुरुवात केली होती, ते इथं खिंडीतून वर चढले आणि लुईसच्या दिशेनं निघाले. लुईसच्या मठाचा प्रमुख माणसं गोळा करून त्यांना अडवायला आला, हरला आणि कैद होऊन फ्रान्सला गेला. गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की लोक पळून चर्चच्या मनोऱ्यात लपले आणि फ्रेंचांनी चर्चला आग लावली, लोक आत होरपळून गेले. चर्चमधल्या काही दगडांवर लालसर गुलाबी झाक आहे, ती त्या आगीची खूण म्हणून दाखवतात. मी ती दाखवताना सांगतो की ही गावाची आठवण आहे, कागदावरचा पुरावा नाही, पण साडेसहाशे वर्षं एखादं गाव एखादी गोष्ट धरून ठेवतं म्हणजे घाव खोल होता एवढं नक्की. अशा गावानं समुद्राला तोंड करून घरं का बांधावीत? वारा तिकडून, खारं तिकडून, शत्रू तिकडून.

भिंती बघा, हे मी हात जोडून सांगतो. घाईत लोक भिंतीकडे बघतच नाहीत. या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही, खडू मऊ, पावसा-थंडीत भुगा होतो. पण खडूच्या थरांमधे काळ्या गारगोटीचे गोळे असतात, फ्लिंट, कड्याकडे खालून बघितलंत तर पांढऱ्यावर काळ्या रेघा आखल्यासारखे थर दिसतील, ते हेच. कडा ढासळला की ते गोळे समुद्रात पडतात, लाटांनी घासून गुळगुळीत होतात आणि किनारा त्यांचाच बनतो. गावकऱ्यांनी तेच वर आणले. आता गोल गोट्याचा कोपरा कसा काढणार? म्हणून घराच्या कोपऱ्याला, दारा-खिडक्यांच्या कडांना वीट लावायची आणि मधे चुन्यात गोटे बसवायचे. काही भिंतींत गोटा फोडून आतली काळी काचेसारखी बाजू बाहेर ठेवलेली दिसेल, ऊन पडलं की चमकते. ते फोडायचं काम कसबी होतं, चुकीचा घाव बसला की तुकडे. म्हणजे एका भिंतीत सरळ किनाऱ्यावरचे गोटे आणि दुसऱ्या भिंतीत हे कोरीव फ्लिंट बघितले की कुणाच्या खिशात किती पैसा होता तेही कळतं. किपलिंगच्या घराची बागेची भिंत हात लावून बघा, थंडगार असते, जूनमध्येसुद्धा.

दुसरी गोष्ट खिंडीतून वर आली ती म्हणजे चोरटा माल. आणि त्याआधी खिंडीतून खाली गेली ती लोकर. टेकड्यांवर मेंढरं हजारोंनी, आणि सतराव्या शतकात लोकर परदेशी न्यायला कायद्यानं बंदी, म्हणून रात्री गुपचूप लोकर फ्रान्सला. पुढे अठराव्या शतकात उलटा प्रवाह, चहा, ब्रँडी, जिन, तंबाखू, लेस. चहावरचा कर त्या काळी ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता, म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कर जास्त, मग कोण सरळ मार्गानं पिणार? १७८४ मध्ये पंतप्रधान पिटनं तो साडेबारा टक्क्यांवर आणला तेव्हा चहाच्या तस्करीचं कंबरडं मोडलं, पण दारूचं चालूच राहिलं. शेतमजुराला आठवडाभर राबून मिळायचं त्याच्या तोडीचे पैसे एका रात्रीत पिंपं वाहून मिळायचे, त्यामुळे सगळं गाव यात होतं, सगळं म्हणजे अगदी व्हिकरसकट, व्हिकर म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू. डॉ. थॉमस हुकर १७९२ ते १८३८ इथले व्हिकर होते आणि ते टोळीसाठी घोड्यावर बसून पहारा द्यायचे असं गाव आजही अभिमानानं सांगतं. मला यात गावाचा स्वभाव दिसतो. लंडनचा कायदा हा लंडनचा, गावाचं भलंबुरं गाव बघणार. कारण हाच माणूस गावातल्या गरीब पोरांना शिकवायचा, आणि बड्या घरच्या मुलांसाठी स्वतःच्या घरात शाळा चालवायचा. त्या शाळेत शिकलेला एक मुलगा एडवर्ड बुल्वर-लिटन, पुढे मोठा कादंबरीकार झाला. त्याचा मुलगा म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला व्हाइसरॉय लिटन, १८७८ चा देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारा आणि दख्खनच्या दुष्काळात दिल्ली दरबार भरवणारा. जग लहान आहे ते असं.

हुकर ज्या घरात राहायचे ते द ग्रेंज, हाय स्ट्रीट संपते तिथं. १९२० च्या सुमारास त्याची डागडुजी-वाढ एडविन लट्येन्सनं केली, तोच, नवी दिल्लीवाला. आता तिथं छोटं म्युझियम आहे, किपलिंगची खोली मांडून ठेवलीये. आधी तिथं जा, बाकीचं नंतर.

टेकडीवर काळी पवनचक्की दिसेल, बीकन मिल, १८०२ ची. तिच्या पात्यांच्या ठेवणीवरून समुद्रातल्या बोटींना इशारे द्यायचे असं सांगतात, ते खरं असो नसो, तिथून खालची दरी आणि समुद्र दोन्ही एकदम दिसतात आणि गाव कसं दरीच्या कुशीत शिरून बसलंय ते तिथूनच नीट कळतं. चढ आहे पण सोपा, गुडघ्यांची तक्रार असेल तरी हळूहळू जमेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, किपलिंग. त्याची गोष्ट त्याच्यापासून सुरू होत नाही, त्याच्या मावशीपासून होते. जॉर्जियाना मॅक्डोनाल्ड, चार प्रसिद्ध बहिणींपैकी एक. एका बहिणीचं लग्न लॉकवुड किपलिंगशी झालं, ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला गेले आणि तिथल्या आवारात ३० डिसेंबर १८६५ ला रुडयार्ड जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर जी कोरीव चित्रं आहेत ना, ती लॉकवुडची. दुसऱ्या बहिणीचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन, तीनदा इंग्लंडचा पंतप्रधान, आणि त्याचं लग्न १८९२ मध्ये याच गावातल्या रिड्सडेल घराण्यातल्या मुलीशी याच चर्चमध्ये झालं. आणि जॉर्जियानाचं लग्न चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सशी. त्यांनी १८८० मध्ये लंडनच्या धुरातून सुटका म्हणून तळ्याजवळ एक घर घेतलं, नॉर्थ एंड हाउस.

चर्चमध्ये बर्न-जोन्सच्या सात रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, काच विल्यम मॉरिसच्या कारखान्यातली. वेदीच्या वरच्या तीन उंच अरुंद खिडक्यांमधे गॅब्रिएल, मायकल आणि राफाएल हे तीन देवदूत, त्या त्यानं स्वतः १८९३ मध्ये मुलीच्या लग्नाची कृतज्ञता म्हणून गावाला दिल्या. त्या पूर्वेला आहेत म्हणून सकाळी जा. लोक दुपारी जातात आणि काच मंद दिसते. सकाळी दहाच्या आत गेलात आणि ऊन असलं तर पंखांतला लाल आणि आतला हिरवा रंग जमिनीवर उतरतो, बाकावर बसून नुसतं बघत राहावं. मोठ्या म्युझियममध्ये हीच काच गर्दीत बघावी लागते, इथं बऱ्याचदा तुम्ही दोघंच असाल. १८९८ मध्ये बर्न-जोन्स गेला, त्याच्या अस्थी याच चर्चच्या अंगणात आहेत, भिंतीत एक साधा लहान दगड आहे, शोधावा लागतो. हे चर्च अमेरिकेत इतकं आवडलं की १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला त्याची हुबेहूब नक्कल बांधली, ती आजही आहे.

किपलिंग १८९७ च्या जूनमध्ये बायको-पोरांसह मावशीच्या घरी आला, ऑगस्टमध्ये तिथंच त्याचा मुलगा जॉन जन्मला आणि मग समोरचं द एल्म्स नावाचं घर भाड्यानं घेतलं, आठवड्याला तीन गिनी. मावशीचं घर, बाल्डविनच्या सासरचं घर आणि हे घर, एकातून फेकलेला क्रिकेटचा चेंडू दुसऱ्यात पोचेल इतकी जवळ, हे त्यानंच लिहून ठेवलंय. आपल्याकडच्या वाड्यासारखंच झालं की, मावशी इकडे, मावसभाऊ तिकडे, पोरं मधल्या गवतावर खेळतायत. ते सुख दीड-दोन वर्षं टिकलं. १८९९ च्या सुरुवातीला ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कला बाप आणि लेक दोघंही न्यूमोनियानं पडले, बाप वाचला आणि सहा वर्षांची जोसेफिन गेली. जिला झोपवताना तो प्राण्यांच्या गोष्टी रचून सांगायचा ती ही पोरगी. परत आल्यावर घर आणि बाग त्या गेलेल्या मुलीनंच भरून राहिलीये असं आजोबा लॉकवुडनं पत्रात लिहिलं. किम ही हिंदुस्थानावरची कादंबरी त्यानं याच घरात पुरी केली, बाहेर इंग्लिश पाऊस आणि कागदावर लाहोर.

बागेत शिरल्यावर आपले लोक मला नेहमी विचारतात की हा तर साम्राज्याचा कवी, गोऱ्यांनी जगावर राज्य करणं हे कर्तव्यच आहे म्हणणारा, याचं कौतुक आपण का करायचं? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. त्यासाठीच मी त्यांना बागेतून बाहेर काढून रस्त्यावर नॉर्थ एंड हाउससमोर उभं करतो. १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं, गावोगाव जल्लोष, रॉटिंगडीनमध्येही. किपलिंग तर युद्धाच्या बाजूनं इतका की त्यानं गावातल्या पोरांसाठी नेमबाजीचा क्लब काढला होता. आणि समोरच्या घराच्या खिडकीतून त्याच्या विधवा मावशीनं, वय ६१, स्वतः अक्षरं शिवलेलं एक मोठं कापड खाली सोडलं. त्यावर बायबलमधल्या नाबोथच्या मळ्याच्या गोष्टीवरून घेतलेले शब्द होते, आम्ही ठार मारलं आणि वर मालकीही घेतली. त्या गोष्टीत राजानं गरिबाचा मळा बळकवायला त्याला मारवलेलं असतं, इंग्लंडमधल्या शेंबड्या पोरालाही ती गोष्ट माहीत, त्यामुळे अर्थ सांगायची गरज नव्हती. लोक खवळले, घरासमोर जमाव जमला, प्रकरण हाताबाहेर जायच्या बेतात. तेव्हा द एल्म्समधून किपलिंग बाहेर आला आणि त्यानं लोकांना शांत केलं. ज्या युद्धाचा तो भाट होता त्याच युद्धाला जाहीरपणे पाप म्हणणाऱ्या म्हातारीसाठी तो लोकांपुढे उभा राहिला, कारण ती मावशी होती, लहानपणी आई-बाप हिंदुस्थानात असताना पोरक्यासारख्या दिवसांत सुट्टीपुरती माया लावणारी तीच.

ही जागा दाखवताना मला अजूनही दरवेळी गलबलून येतं. कारण जॉर्जियाना नुसती चित्रकाराची बायको नव्हती. १८९४ मध्ये इंग्लंडात गावोगाव पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या, सुरू झाल्या तेव्हा ती इथं निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली, बायकांना पार्लमेंटच्या मताचा अधिकार नव्हता त्या काळात. गावाला नर्स हवी, मजुरांना नीट सोयी हव्यात म्हणून भांडली. किपलिंगची बाग आहे, किपलिंगची खोली आहे, पण माझ्या मते या गावातलं सगळ्यात मोठं माणूस ती बाई, आणि तिच्या खिडकीखाली पाच मिनिटं उभं राहिल्याशिवाय परत येऊ नका.

किपलिंग त्या कापडाच्या प्रसंगाच्याच वर्षी, १९०२ मध्ये, गाव सोडून गेला. ब्रायटनहून घोड्यांच्या बस भरभरून लोक यायचे आणि वरच्या मजल्यावरून भिंतीपलीकडे त्याच्या बागेत डोकवायचे, त्याला ते असह्य झालं. म्हणजे बघा, आधी खिंडीतून धाडी यायच्या, आता रस्त्यानं प्रेक्षक यायला लागले.

त्याच दिवसांत समुद्रातूनसुद्धा प्रेक्षक येत होते, आणि ही गोष्ट ऐकून पोरं तर पोरं, इंजिनिअर माणसंही खूश होतात. ब्रायटनला मॅग्नस व्होल्क नावाचा माणूस होता, त्यानं १८८३ मध्ये किनाऱ्यावर विजेची छोटी रेल्वे काढली, ती आजही उन्हाळ्यात धावते, जगातली चालू असलेली सगळ्यात जुनी इलेक्ट्रिक रेल्वे. त्याला ती रॉटिंगडीनपर्यंत आणायची होती पण वर टेकड्यांचे चढ-उतार, कड्याच्या पायथ्याशी तेव्हा वाट नव्हती. मग त्यानं रूळ थेट समुद्रात टाकले. तळाच्या खडूवर काँक्रीटचे ठोकळे, त्यावर रूळ, आणि त्यावर चार लोखंडी पायांवर २४ फूट उंच उभा असलेला डबा, डबा कसला, आत गालिचे-खुर्च्या असलेला दिवाणखाना आणि बाहेर डेक. भरतीला पाय पाण्यात, डबा वर, आणि तो माणसाच्या चालीनं पाण्यातून सरकत जायचा. कायद्यानं त्याला धड गाडी म्हणता येईना, त्यामुळे त्यावर एक जहाजाचा कप्तान आणि एक लाइफबोट ठेवावी लागायची. २८ नोव्हेंबर १८९६ ला सुरू झाली, आणि आठवडाही झाला नाही तोच ४ डिसेंबरच्या रात्रीच्या वादळानं डबा आडवा पाडला. व्होल्कनं तो पुन्हा उभा केला आणि १८९७ च्या जुलैत परत चालू केली, त्या वर्षी चव्वेचाळीस हजारांवर लोक बसले. पण मोटरची ताकद भरतीच्या पाण्याला पुरायची नाही, नंतर किनारा वाचवायची बांधकामं आडवी आली, रूळ आणखी आत हलवायला पैसा नव्हता, आणि १९०१ मध्ये सगळं थांबलं. ठोकळे मात्र तिथंच आहेत, ओहोटीला दिसतात.

हे सगळं श्रीमंत-प्रसिद्ध लोकांचं झालं, पण माझ्या लेखी गावाचा खरा आवाज वेगळाच आहे. १८९८ मध्ये केट ली नावाच्या गायिकेला गावात दोन भाऊ भेटले, जेम्स आणि थॉमस कॉपर. एक मोठ्या शेतावरचा मुकादम, दुसरा हाय स्ट्रीटवरचा ब्लॅक हॉर्स पब चालवणारा. शेतकामाची, मेंढरं कातरण्याची, नांगरटीची, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची अशी गाणी त्यांना बाप-आजाकडून तोंडपाठ आलेली, आणि ते ती दोन आवाजांत, एकानं वरचा सूर धरायचा आणि दुसऱ्यानं खालचा, अशी म्हणायचे. बाईनं त्यांना बसवून, व्हिस्की पाजून, गाणी उतरवून घेतली. त्याच वर्षी लंडनमध्ये फोक साँग सोसायटी स्थापन झाली तेव्हा या दोघा गावकऱ्यांना मानद सभासद केलं. जेम्सच्या मुलानं म्हणजे जिमनं १९३६ मध्ये सगळी गाणी वहीत लिहून काढली, नातू बॉब कॉपर २००४ मध्ये वारला, आणि आजही त्या घरातली पुढची पिढी तीच गाणी त्याच दोन आवाजांत म्हणते. ब्लॅक हॉर्स अजून चालू आहे. लाकडी तुळया, बसकं छत, आत गेलात की डोकं सांभाळा. बिअर घेत नसाल तर लिंबू-सोडा घ्या आणि कोपऱ्यात बसा, या घरातलं गाणं मोबाईलवर कानात लावून ऐका, मग बाहेर या, गाव वेगळं दिसतं.

नंतरच्या शंभर वर्षांचं थोडक्यात सांगतो. १९२८ मध्ये गाव ब्रायटनमध्ये सामील झालं, १९३० च्या दशकात कड्याच्या पायथ्याशी सिमेंटची संरक्षक भिंत आणि चालायची वाट झाली, अंडरक्लिफ वॉक, कडा ढासळायचं बरंच कमी झालं आणि मंदीत लोकांना काम मिळालं. आजूबाजूला बंगले-वसाहती वाढल्या, पण गावाचा गाभा टिकला कारण लोक भांडले. १९८० च्या दशकात द एल्म्सची बाग तोडून घरं बांधायचा घाट होता, तेव्हा गावच्या जतन सोसायटीनं पैसे उभे करून ती जमीन विकत घेतली, बाग नव्यानं लावली आणि मग नगरपालिकेला लोकांसाठी देऊन टाकली. आज तिथं तिकीट नाही. गावाला स्वतःची पॅरिश कौन्सिल आहे, आणि हाय स्ट्रीटवरच्या ट्रॅफिकवरून तिथले लोक अजून तावातावानं बोलतात, ते रास्तच आहे, जुन्या घोडागाडीच्या रुंदीच्या रस्त्यातून दिवसभर गाड्यांची रांग.

आता कसं जायचं. ब्रायटनहून १२ नंबरची कोस्टर बस जाते, सहा-साडेसहा किलोमीटर, वरच्या मजल्यावर पुढे बसा. पण जमत असेल तर एक वेळ तरी चालत जा, ब्रायटन मरीनापासून अंडरक्लिफ वॉकनं रमतगमत तासभर लागेल, रस्ता सपाट, एका बाजूला कडा एका बाजूला समुद्र, फ्लिंटच्या त्या काळ्या रेघा हाताला लागतात. कधी दरड पडली तर वाट बंद करतात, निघायच्या आधी चौकशी करा. जून असला तरी वारा बोचरा, स्वेटर न्याच. सकाळी चर्च, मग ग्रेंज आणि बाग, मावशीचं घर, दुपारी ब्लॅक हॉर्स, मग पवनचक्की आणि शेवटी परत खाली गॅपवर, हा क्रम मी खूप वर्षं करून ठरवलाय.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर ब्रायटनच्या मागच्या टेकडीवर पॅचमजवळ छत्री आहे तीही बघा. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या राजवाड्यातच हॉस्पिटल केलं होतं, ब्रायटनच्या हॉस्पिटलांत वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांचं दहन त्या टेकडीवर झालं, आणि १९२१ मध्ये तिथं संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण आर्किटेक्टचा. गाडी तिथवर जात नाही, चढ चालावा लागतो.

रॉटिंगडीनला जाण्याआधी ओहोटीची वेळ मात्र नेटवर बघून घ्या आणि दिवसाचा शेवट त्या वेळेला धरा. पाणी मागे गेलं की खडूचे सपाट कातळ उघडे पडतात, त्यावर हिरवं शेवाळ असतं आणि ते भयंकर निसरडं, माझ्या ग्रुपमधल्या एका काकूंचा पाय तिथंच मुरगळला होता, तेव्हापासून मी चपला घालून कुणाला खाली उतरू देत नाही, बूट घाला आणि हातात काठी असली तर उत्तम. पश्चिमेला ब्रायटनच्या दिशेनं थोडं चाललात की कातळात ओळीनं चौकोनी ठोकळे दिसतील, शिंपल्यांनी आणि शेवाळानं मढलेले, व्होल्कच्या रेल्वेचे. त्यातल्या एकाशी उभं राहून मागे वळून बघा. कडा दिसेल, खिंड दिसेल, खिंडीच्या तोंडाशी रस्ता आणि बसस्टॉप दिसेल, आणि दिवसभर तुम्ही ज्या गावात फिरलात ते तिथून अजिबात दिसणार नाही.